विस्टार रॅटच्या मानेखाली सूज, डोळ्यांतून लाल पाणी: २८ दिवसांचा अभ्यास चालू ठेवावा का?

पांझराकाठ (प्रश्न)

धुळे जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमधली अडचण आहे. विस्टार नर रॅट, १८० ते २२० ग्रॅम. मधुमेह घडवायला स्ट्रेप्टोझोटोसिन ५० मिग्रॅ प्रति किलो, ४.५ पीएचच्या सायट्रेट बफरमध्ये, पोटात. ७२ तासांनी साखर २५० च्या वर गेलेलेच प्राणी अभ्यासात घेतले. नॉर्मल कंट्रोल धरून ६ गट, गटात ६ प्राणी, एका पिंजऱ्यात ३. वनस्पतीच्या अर्काचा २८ दिवसांचा अभ्यास आहे.

दुसऱ्या आठवड्यात रॅकच्या एका टोकाच्या दोन पिंजऱ्यांत प्राणी शिंकायला लागले, डोळे मिचकावायला लागले. डोळ्यांच्या कडांना आणि नाकपुड्यांशी लालसर-तपकिरी खपली धरली. मग जबड्याखाली सूज आली. काहींची मान इतकी भरली की डोकं आणि धड सलग दिसतं. तीन-चार दिवसांत जवळपास सगळे पिंजरे धरले, नॉर्मल कंट्रोलही सुटला नाही. खाणं निम्म्यावर आलं, वजन उतरलं. मेलं मात्र एकही नाही, आणि पहिल्या दोन पिंजऱ्यांतली सूज आता ओसरतेय. याच काळात दुसऱ्या प्रकल्पासाठी आलेली नवी बॅच त्याच खोलीत ठेवली गेली होती.

हे नेमकं काय असावं? खात्री कशी करायची? औषध द्यावं का? आणि मुख्य म्हणजे, या अभ्यासातला डेटा वापरता येईल का?

गिरणा_व्हेट

वर्णन सायलोडॅक्रिओॲडेनायटिसचं आहे, एसडीए म्हणतात ते. रॅटमधला कोरोनाव्हायरस. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी आणि श्वासमार्ग एवढ्यावर त्याचा मारा असतो. झपाट्याने सगळी खोली धरणं, मरण जवळजवळ शून्य आणि आठवडाभरात सूज उतरणं, ही तिन्ही लक्षणं एकत्र असली की दुसऱ्या कशाचा विचार मागे पडतो. मागे पडतो म्हणतोय, संपत नाही. खात्री करूनच पुढे जा.

डोळ्यांभोवतीचं लाल हे रक्त नव्हे. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून पॉर्फिरिन येतं, त्याचा तो रंग. ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपा आणि नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली अंधारात धरा: पॉर्फिरिन गुलाबी-लाल चमकतं, रक्त चमकत नाही. पण नुसत्या लाल पाण्यावरून एसडीए म्हणू नका. ताण, तहान, अमोनिया, कुठलंही आजारपण, या सगळ्यांत रॅटला लाल पाणी येतं. मायकोप्लाझ्मा या श्वासमार्गाच्या जिवाणूमध्ये घरघर असते, आठवडे-महिने रेंगाळते, कधी मान एका बाजूला कलते. मानेखाली अशी सूज येत नाही. गळू असेल तर सूज बहुधा एका बाजूला आणि एखाद्याच प्राण्याला. रॅकभर एकदम फुगलेल्या माना हीच इथली खरी खूण.

तपासणी तीन मार्गांनी होते आणि प्रत्येकीची वेळ वेगळी आहे. इथेच बहुतेकांचं चुकतं.

पीसीआर पहिल्या आठवड्यातच. विषाणू शरीरातून बाहेर पडतो तो साधारण ७ दिवस. सूज उतरलेल्या प्राण्याचा स्वॅब घेतला तर निगेटिव्ह येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. म्हणून आज ज्या पिंजऱ्यात नुकती शिंक सुरू झाली आहे तिथला नाकाचा स्वॅब घ्या, किंवा प्राणी विच्छेदनाला घेणारच असाल तर हार्डेरियन आणि लाळग्रंथीचा तुकडा.

ऊतिपरीक्षणाला थोडी जास्त मुदत मिळते. जबड्याखालची, पॅरोटिड आणि सबलिंग्वल अशा तिन्ही लाळग्रंथी, हार्डेरियन आणि कानाखालची अश्रुग्रंथी काढून १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका, ऊतीच्या दहापट द्राव. ताज्या केसमध्ये ग्रंथी फिकट, फुगलेल्या आणि भोवती जेलीसारखं पाणी दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली जबड्याखालची आणि पॅरोटिड मोडलेली दिसते, सबलिंग्वल मात्र शाबूत राहते. हा फरक फार कामाचा आहे, म्हणून सबलिंग्वल चुकवू नका. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत नलिकांच्या अस्तराचं रूप बदलून ते चपट्या पेशींचं झालेलं सापडतं.

अँटिबॉडी साधारण ७ ते १० दिवसांनी दिसू लागतात, पक्क्या निकालासाठी तीन आठवडे थांबून सीरम द्या. एलायझात, म्हणजे अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीत, पुष्कळदा माउस हेपॅटायटिस व्हायरसचा (एमएचव्ही) अँटिजन वापरलेला असतो, कारण दोघे जवळचे नातलग आहेत आणि अँटिबॉडी दोन्हीला चिकटतात. रिपोर्टवर ते नाव दिसलं म्हणून गोंधळून जाऊ नका.

औषध नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे फ्लुरोक्विनोलोन गटातलं प्रतिजैविक द्यायचा मोह होईल. ते विषाणूवर चालत नाही, आणि फ्लुरोक्विनोलोन स्वतःच रक्तातली साखर खालीवर करतात. तुमच्या अभ्यासात तर ते अजिबात नको. प्राण्यांची काळजी घ्या: पेलेट पाण्यात भिजवून मऊ लगदा पिंजऱ्याच्या तळाशी उथळ वाटीत ठेवा, दिवसातून दोनदा बदला, उन्हाळ्यात लगेच आंबतो. खोलीतला उजेड कमी करा. डोळे रोज बघा, काहींना बुबुळावर व्रण पडतो, काहींचा डोळा कायमचा मोठा राहतो. मुळातले मधुमेही प्राणी आहेत, पाणी कमी पडलं तर लवकर कोसळतील. मंजूर प्रोटोकॉलमधली वजनघटीची मर्यादा, बहुधा २० टक्के, ओलांडली तर त्या प्राण्याला अभ्यासासाठी ताणू नका. भूल देऊन रक्त काढायचं या आठवड्यात टाळा. सुजलेल्या श्वासमार्गावर केटामिन-झायलाझिन दिलं की प्राणी टेबलावर जातात आणि दोष मात्र औषधाच्या मात्रेला दिला जातो.

पांझराकाठ

मनापासून आभार सर. स्वॅब उद्याच घेतो. डेटाबद्दल गाईड सरांचं म्हणणं असं की आजार नॉर्मल कंट्रोल आणि डायबेटिक कंट्रोल दोघांनाही झाला आहे, तेव्हा त्याचा परिणाम दोन्हीकडून वजा होईल. प्राणी बरे झाले की २८ दिवस पूर्ण करावेत.

तापी_भुसावळ

वजा होत नाही. आपल्याकडे सर्वात जास्त डेटा याच एका समजुतीने वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वजा व्हायला तीन गोष्टी लागतात: सगळ्यांना एकाच दिवशी लागण, सगळ्यांना सारखाच आजार आणि औषधाचा त्या आजाराशी काही संबंध नसणं. तुमच्याकडे तिन्ही नाहीत. ६ गट, गटात २ पिंजरे, म्हणजे १२ पिंजरे. आजार रॅकच्या एका टोकाकडून सरकत आला. त्या टोकाला कोणता गट होता? तो गट सर्वात आधी आजारी पडला आणि आधी सावरला. १४ व्या दिवशी साखर मोजलीत तेव्हा एक गट बरा होत होता, दुसरा ऐन आजारात होता आणि तिसऱ्याला अजून लागण व्हायची होती. हा फरक अर्काच्या मात्रेचा म्हणून तक्त्यात जाईल.

आता साखरेकडेच बघा. रॅट निम्मं खाऊ लागला की साखर खाली येते, ट्रायग्लिसराइड खाली येतात, वजन उतरतं. ज्या गटाचं खाणं मोजणीच्या आठवड्यात सर्वात कमी, त्याची साखर सर्वात चांगली उतरलेली दिसेल आणि आपण म्हणू अर्क लागू पडला. उलटही होतं: ताण आणि दाह यांनी कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं, साखर चढते, खरोखर चांगला अर्क निकामी ठरतो. कोणत्या गटात कोणता परिणाम वरचढ झाला हे मागाहून गणिताने सोडवता येत नाही. भर म्हणजे मधुमेही प्राण्यांची प्रतिकारशक्ती नॉर्मल कंट्रोलसारखी नसते, तेव्हा आजाराची तीव्रताही गटागणिक वेगळी. आणि अर्कात दाह कमी करणारं काही असेल तर तो थेट आजारावरच काम करेल.

आणखी एक. सूज उतरली म्हणजे रॅट पूर्वीसारखा झाला, असं नाही. जबड्याखालच्या ग्रंथीत एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर साठलेला असतो, तो या आजारानंतर बराच काळ कमी राहतो. जखम भरण्याचा अभ्यास याच बॅचवर करायचा विचार कुणी करत असेल तर तो सोडून द्यावा. रॅट जखम चाटतो, लाळेतला तोच फॅक्टर जखम भरायला मदत करतो. लाळच बदललेली असेल तर कंट्रोलची जखमही उशिरा भरणार. माद्यांचं ऋतुचक्रही काही काळ बिघडतं, त्यामुळे प्रजननाचे अभ्यासही गेले.

वापरण्यासारखं काय उरतं? पहिलं लक्षण दिसलं त्या दिवसापासून मागे एक आठवडा मोजा, कारण लक्षणाआधीच विषाणू अंगात असतो. त्याच्याही आधीची मोजमापं, म्हणजे सुरुवातीची साखर, सुरुवातीचं वजन, ही तेवढी नोंद म्हणून ठेवा. पुढचा डेटा निष्कर्षासाठी नको. प्रत्येक पिंजऱ्याची रॅकवरची जागा आणि लक्षण सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवा, समितीला द्यायच्या अहवालात लागेल.

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला लेखी कळवा. सीसीएसईए, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती, तिच्याकडे नोंदलेल्या संस्थेत ते टाळता येत नाही, आणि अभ्यास पुन्हा करायला जादा प्राणी लागणार त्याची मंजुरीही तिथूनच घ्यायची आहे. पशुवैद्यकाचा रिपोर्ट जोडून खरं कारण लिहिलं तर समितीला निर्णय सोपा जातो. ३६ प्राणी पुन्हा वापरावे लागणं दुःखाचंच आहे. पण चुकीच्या निष्कर्षावर विसंबून पुढे आणखी चार जण प्रत्येकी ३६ प्राणी वापरणार असतील, तर नुकसान कितीतरी मोठं. प्राणी-प्रयोगांचा पेपर कसा लिहावा हे सांगणाऱ्या ॲराइव्ह मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीत प्राणी कुठून आले आणि त्यांची आरोग्यस्थिती काय होती हे लिहायला सांगितलंच आहे, पेपर पाठवताना प्रश्न येणारच.

गिरणा_व्हेट

तापी सरांशी सहमत. मधुमेहाचाच विषय आहे म्हणून एक जोड: किल्हम रॅट व्हायरस हा पार्व्होव्हायरस रॅटमध्ये कुठलंही बाह्य लक्षण न दाखवता फिरतो. बीबी जातीच्या रॅटचा एक वंश एरवी मधुमेहापासून सुरक्षित असतो. त्यालाच या विषाणूची लागण झाली की प्रतिकारशक्ती स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवर उलटते आणि मधुमेह होतो. विषाणू बीटा पेशींत घर करत नाही, तरी. विस्टारमध्ये स्ट्रेप्टोझोटोसिनने केलेला मधुमेह वेगळा, हे मान्य. पण रॅटला काही झालेलं दिसत नाही म्हणून तो निरोगी, हे गृहीतक मधुमेहाच्या अभ्यासात किती महागात पडू शकतं ते यावरून कळावं. एसडीए एका अर्थी परवडला. तो निदान दिसतो.

बोरीकाठ

भाऊ, खोली रिकामी करून धुवायची कशी ते सांगतो, कारण निम्मी ॲनिमल हाऊसं इथे घसरतात.

आधी ठरवा, फक्त अभ्यासाचे प्राणी आहेत की ब्रीडिंगही आहे. फक्त अभ्यासाचे असतील तर समितीच्या मंजुरीने अभ्यास संपवा, प्राण्यांना नियमाप्रमाणे वेदना न देता निरोप द्या, मृत प्राणी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत. खोली पूर्ण रिकामी. दोन पिंजरे कोपऱ्यात ठेवून बाकी खोली धुणं म्हणजे पाणी आणि मेहनत दोन्ही फुकट. नव्या बॅचचे प्राणीही त्याच खोलीत होते, त्यांनाही लागण झाली असंच धरून चाला.

ब्रीडिंग असेल तर कॉलनी मारायची गरज नाही. एसडीएला कायमचा वाहक प्राणी नसतो. लागण होते, बरी होते, विषाणू जातो. त्याला हवा असतो नवा, लागण न झालेला प्राणी. तो मिळू द्यायचा नाही. ६ ते ८ आठवडे नर-मादी वेगळे, बाहेरून एकही प्राणी आत नाही, एकही पिल्लू जन्माला नाही. सुरुवातीलाच सगळ्या पिंजऱ्यांचं वापरलेलं तूस थोडं थोडं एकमेकांत फिरवा, प्राण्यांचीही अदलाबदल करा, म्हणजे उरलेसुरले आत्ताच आजारी पडतील आणि कुणी मागे राहून पुढे पुन्हा साखळी सुरू करणार नाही. मग जोड्या लावा. पिल्लांची तपासणी लगेच नको. आईकडून आलेल्या अँटिबॉडी ओसरू द्या, ८ आठवडे वय झालं की सीरम घ्या. पिल्लं निगेटिव्ह, तर कॉलनी सुटली. पार्व्हो असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, तो अंगात आणि भिंतीत दोन्हीकडे टिकून राहतो.

धुणं. एसडीए चरबीच्या आवरणाचा विषाणू आहे, साबण, ७० टक्के अल्कोहोल, वाळणं, कशानेही मरतो. बाहेर दोनेक दिवसांच्या वर टिकत नाही. पण मी म्हणतो धुताना पार्व्होला मारेल असंच धुवा. खोलीत आणखी काय आहे ते कुणी तपासलंय? पार्व्होवर अल्कोहोलचा हँड सॅनिटायझर बिलकुल चालत नाही, हे दारावर लिहून लावा.

पहिलं, कोरडा कचरा हलकं पाणी शिंपडून गोळा करा, झाडू मारून धूळ उडवू नका. मग डिटर्जंट आणि गरम पाण्याने घासा. पॉलिप्रॉपिलीनच्या पिंजऱ्यांच्या तळाला लघवीचा पांढरा थर बसतो, तो साबणाने निघत नाही. सायट्रिक ॲसिडच्या द्रावात भिजवून काढा. त्यानंतर साध्या पाण्याने दोनदा स्वच्छ धुवा. हे चुकवू नका. ॲसिडच्या ओल्या पिंजऱ्यावर हायपोक्लोराइट पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, लघवीतल्या अमोनियाशी क्लोरामाइन होतं. बंद खोलीत माणूस गुदमरतो.

मग हायपोक्लोराइट. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटरला ९ लिटर पाणी, म्हणजे ०.५ टक्के, ५,००० पीपीएम. पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये भिंत त्याच्या कितीतरी आधी सुकते, तेव्हा मधे पुन्हा मारा. द्राव रोज ताजा करा. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं कॅन जळगाव-भुसावळच्या उन्हात महिना-दोन महिन्यांत ताकद गमावतं. लहान कॅन घ्या, उत्पादनाची तारीख बघून घ्या, सावलीत ठेवा. स्टीलच्या ग्रिल शेवटी पाण्याने धुवा, नाहीतर गंज धरतो. बाटल्यांची तोंडं, नळ्या, रबरी बूच विसरू नका, सोसतं ते सगळं ऑटोक्लेव्हला: १२१ अंश, १५ पाउंड दाब, ३० मिनिटं.

तूस ऑटोक्लेव्ह करताना गच्च भरलेलं पोतं घालू नका. वाफ मधोमध पोचतच नाही. ४-५ किलोच्या कापडी पिशव्या, सैल भरलेल्या, आणि एका पिशवीच्या अगदी मध्यभागी स्पोअर स्ट्रिप, म्हणजे जिवाणूंचे बीजाणू मेले का हे तपासायची पट्टी. बाहेरची इंडिकेटर टेप काळी झाली म्हणजे आतलं तूस निर्जंतुक झालं, असं होत नाही.

अनेर_चोपडा

थोडा वेगळा प्रश्न याच धाग्यात विचारतो. आमच्याकडे स्विस अल्बिनो माइसमध्ये एहर्लिच असायटिस या ट्यूमरच्या पेशी एका प्राण्यातून दुसऱ्यात नेत टिकवल्या जातात. प्राणी बाहेरून येत नाहीत, खोली वेगळी आहे. मग विषाणू येणार कुठून?

तापी_भुसावळ

त्या पेशींमधूनच, ताई. प्राण्यातून प्राण्यात नेलेला ट्यूमर हा विषाणूचं सर्वात सुरक्षित वाहन आहे, कारण त्याला खोलीचं दारही ओलांडावं लागत नाही, आपणच सुईने घालतो. रक्तातलं लॅक्टेट डिहायड्रोजनेज (एलडीएच) हे एन्झाइम वाढवणारा विषाणू, एलडीव्ही, १९६० मध्ये अशाच ट्यूमरवाल्या माइसमध्ये सापडला. एहर्लिच त्यातच होता. लागण झालेला माउस आजारी दिसत नाही. रक्तातलं एलडीएच मात्र ५ ते १० पट चढतं आणि आयुष्यभर वर राहतं. ट्यूमर अभ्यासात एलडीएच हा मार्कर म्हणून मोजत असाल तर तुम्ही काय मोजताय याचा विचार करा. विषाणू मॅक्रोफेजमध्ये वाढतो, त्यामुळे कार्बन क्लिअरन्ससारख्या प्रतिकारशक्तीच्या चाचण्याही डळमळतात.

साधी चाळणी अशी: दात्या माउसचा पेशीविरहित असायटिस द्राव किंवा प्लाझ्मा, समितीच्या मंजुरीने, २-३ निरोगी माइसना टोचा, ३-४ दिवसांनी एलडीएच बघा. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटू देऊ नका, त्यांच्यातलं एलडीएच मिसळलं की सगळेच पॉझिटिव्ह दिसतील. पक्कं निदान पीसीआरने. सापडला तर पेशी काही पिढ्या काचपात्रात वाढवा. एलडीव्हीला माउसचे मॅक्रोफेज लागतात, तिथे ते नसले की तो गळतो. तिथून शुद्ध झालेल्या पेशींचा साठा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा आणि दर वेळी तिथूनच काढा. पार्व्हो मात्र विभागणाऱ्या पेशींत आरामात वाढतो, तो काचपात्राने जात नाही. तो निघाला तर ती लाइन फेकून नवी तपासलेली आणा.

गिरणा_व्हेट

अनेर ताई, त्याच पीसीआरमध्ये एलसीएमव्ही घालाच. लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस. तो माणसाला लागतो. मूळ यजमान आपला घरातला उंदीर. ट्यूमरच्या लाइन्समधूनही तो प्रयोगशाळांत पोचलेला आहे. गर्भवती सहकाऱ्याला तर अशा अनतपासलेल्या पेशी आणि माइसपासून दूरच ठेवा, गर्भाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होते. रॅटवाल्यांनी सोल हंताव्हायरस लक्षात ठेवावा. १९७० आणि ८० च्या दशकांत जपान, बेल्जियम आणि ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेतल्या रॅटकडून कर्मचाऱ्यांना ताप आणि मूत्रपिंडाचा आजार झाला. रॅट दिसायला ठणठणीत होते. तूस झटकताना उडणारी धूळ हाच मार्ग, म्हणून पिंजरा बदलताना एन-९५ मास्क. कापडी मास्कने भागत नाही.

बोरीकाठ

पांझराकाठ भाऊ, नवी बॅच आणायच्या आधी खोलीकडे बघा.

आपल्या भागात खरिपाचा मका, ज्वारी, कापूस घरात आला की शेतातले उंदीर गोदामाकडे आणि तिथून ॲनिमल हाऊसकडे वळतात. तिथे बारा महिने पेलेट आणि तूस मिळतं. घरउंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. दाराखाली पत्रा, नालीच्या तोंडाला बारीक जाळी, आणि उंबऱ्यावर दीड-दोन फुटी उभा पत्रा, माणूस ओलांडून जाईल असा. तूस नवापूरकडच्या राइस मिलमधून येवो की आणखी कुठून, मिलच्या अंगणात उघड्यावर पडलेलं असतं आणि त्यावर उंदीर खेळलेले असतात. ऑटोक्लेव्ह न करता ते आत नेलं, तर बाकीचा सगळा बंदोबस्त वाया. खाद्यही बंद पिंपात, जमिनीपासून वर.

कूलरबद्दल मुद्दाम लिहितो. ४४-४५ अंशांत खिडकीला डेझर्ट कूलर लावला जातो. तो बाहेरची धूळ न गाळता आत ओढतो आणि दमटपणा ७० टक्क्यांच्या पार नेतो. ओलं तूस, त्यातून अमोनिया, त्याने श्वासमार्ग आधीच सोललेला. मग कुठलाही विषाणू जास्त जोरात लागतो. शिवाय ३० अंशांच्या वर रॅट तसाही कमी खातो, तेव्हा खाणं घटलं ते आजाराने की उकाड्याने हे कळेनासं होतं. खोलीचं कमाल-किमान तापमान आणि दमटपणा रोज लिहिला असेल तरच हा वाद सुटतो. एसी आणि त्याला जनरेटर हाच मार्ग आहे, आणि तो बजेटमध्ये पहिल्या ओळीत असावा. एसी नुसता आतली हवा फिरवणारा नको, बाहेरची गाळलेली हवा तासाला १० ते १५ वेळा बदलली पाहिजे.

नवी बॅच कमीत कमी दोन आठवडे वेगळ्या खोलीत. वेगळी खोली म्हणजे वेगळी हवा, वेगळा ॲप्रन, वेगळी चप्पल. काम करायचा क्रम ठरलेला: आधी निरोगी खोली, शेवटी क्वारंटाइन, आणि तिथून परत निरोगी खोलीत त्या दिवशी जायचं नाही. एकच अटेंडंट असेल तरी हा क्रम पाळता येतो, त्याला खर्च नाही. प्राणी येताना कोणत्या गाडीतून, आणखी कुणाच्या पिंजऱ्यांसोबत आले तेही विचारा. पुण्या-मुंबईहून निघालेली गाडी धुळ्यापर्यंत येताना वाटेत दोन ठिकाणी थांबली असेल तर ब्रीडरचं आरोग्य प्रमाणपत्र त्या प्रवासाबद्दल काहीच सांगत नाही.

पांझराकाठ

समितीला उद्या पत्र देतोय, अभ्यास थांबवतोय. गाईड सरांनाही हा धागा वाचायला दिला, ते तयार आहेत. शेवटचं विचारतो: पुढच्या बॅचपासून नियमित तपासणी ठेवायची तर किती प्राणी, किती दिवसांनी? आणि धुळ्याहून सीरम पाठवायचं कसं?

गिरणा_व्हेट

संख्या गणिताने ठरते. खोलीतल्या ३० टक्के प्राण्यांना लागण असेल आणि ती ९५ टक्के खात्रीने सापडायला हवी असेल तर ९ प्राणी लागतात. निम्म्यांना असेल तर ५ पुरतात. १० टक्क्यांनाच असेल तर २९. कोरोना वेगाने पसरतो, तिथे ५-६ सीरम चालतात. पार्व्हो संथ, तिथे एवढ्यावर भरवसा ठेवू नका. चाचणी अचूक धरून केलेला हा हिशेब आहे, म्हणून एक-दोन प्राणी जास्तच घ्या.

अभ्यासाच्या प्राण्यांना हात लावायचा नसेल तर सेंटिनल, म्हणजे पहारेकरी प्राणी, ठेवा: तपासून आणलेल्या ३-५ आठवड्यांच्या माद्या, रॅकच्या सर्वात खालच्या कप्प्यात. प्रत्येक पिंजरा बदलताना त्यातलं वापरलेलं तूस चमचाभर त्यांच्या पिंजऱ्यात. ८ ते १२ आठवड्यांनी त्यांचं सीरम, म्हणजे वर्षातून चार ते सहा वेळा. एक त्रुटी ध्यानात असू द्या: विष्ठेतून जाणारे विषाणू, म्हणजे पार्व्हो किंवा माइसमधले एमएचव्ही आणि नोरो, असे सापडतात, सेंडाई आणि एसडीए यांसारखे श्वासातून जाणारे तुसातून नीट पोचत नाहीत. त्यांच्यासाठी सेंटिनल उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात शेजारी, किंवा सरळ अभ्यास संपलेले प्राणी तपासायचे. अभ्यासाच्या शेवटी रक्त काढताच ना, त्यातलं २०० मायक्रोलिटर सीरम प्रत्येक गटातल्या दोघांचं बाजूला ठेवा. वेगळा प्राणी लागत नाही, आणि पेपरवर प्रश्न आला तर हातात पुरावा असतो.

पाठवताना: रक्त ३० ते ६० मिनिटं गोठू द्या, ३,००० आरपीएमवर १०-१५ मिनिटं फिरवा, सीरम वेगळं करून लगेच उणे २० ला. तांबूस झालेलं सीरम पाठवू नका, एलायझात खोटे निकाल देतं. एकदा वितळलं की पुन्हा गोठवू नका, म्हणून दोन छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, एक पाठवा, एक ठेवा. थर्माकोलच्या डब्यात चारी बाजूंनी जेल पॅक, नळ्या मधे, आणि सोमवार-मंगळवारी निघेल असं बघा. शुक्रवारी दिलेला डबा रविवारी कुरिअरच्या गोदामात तापत पडतो. उन्हाळ्यात एवढीही खात्री नसेल तर लॅबला आधी विचारा, काही लॅब फिल्टर कार्डावर वाळवलेला रक्ताचा थेंब घेतात, त्याला बर्फ लागत नाही. स्वॅब मात्र कोरडे पाठवायचे की द्रावात हे ज्यांच्याकडे पाठवताय त्यांनाच विचारून घ्या, आणि ते उद्या सकाळी शिंकणाऱ्या पिंजऱ्यातूनच घ्या.